टाकीसमोरचा दिवा

खडकाच्या टोकापासून निघून दोघी निम्म्या वाटेवर आल्या, तेव्हा कल्पिताने पाण्याचा कॅन वाळूत टेकवला. खाडीच्या तोंडाशी पाणी गढूळ, म्हणून टाकीतल्या माशांसाठी समुद्राचं स्वच्छ पाणी आणायला एवढं लांब यावं लागे. एरवी तिचा नवरा विनेश मोटारसायकलवरून आणून द्यायचा. पण त्याची आई, मनुबाई, जाऊन सहा दिवस झाले होते आणि तो क्रियेला बसला होता, दहा दिवस घराबाहेर पडायचं नव्हतं. म्हणून दुसरा कॅन शेजारच्या नूतनने धरला होता.

"हात दुखले गो?" नूतनने विचारलं.

"कळत न्हाय, वैनी."

सहा दिवस हेच. भूक लागली का, कळत न्हाय. झोप झाली का, कळत न्हाय. सासूसाठी तिच्या डोळ्यात टिपूसही आलं नव्हतं आणि बायका कुजबुजत होत्या. नूतन मात्र सकाळी देवापुढे हात जोडताना तिचं नाव तेवढं घेई.

कल्पिता घरात मासे वाढवायची. खायचे नव्हेत, शोभेचे. बोटाएवढे, निळ्या अंगाचे नि केशरी तोंडाचे एंजल मासे. जोडी अंडी घालायची, पिल्लंही निघायची, पण ती इतकी बारीक की त्यांच्या तोंडात मावेल असं खाणंच मिळत नसे. चार-पाच दिवसांत पिल्लांचा टब रिकामा. तीन वर्षं असंच चाललं होतं.

"खाता येत न्हाय त्याला मासा कशाला म्हणायचं?" मनुबाई चिडवायच्या. पण अंथरुणाला खिळल्यावर त्यांनीच खाट टाकीसमोर लावून घेतली. तिन्हीसांजेला कल्पिता खोलीतला उजेड हळूहळू कमी करी. अंधारून आलं की जोडी तळातून वर चढे आणि म्हातारी हाक मारी, "गो कल्पिता, निंघाली बग नवरा-बायको फिराला!" त्याच घटकेला अंडी पडत.

"या खेपेला खाणं जमलंय," कल्पिता चालता चालता म्हणाली. "समुद्रातले बारीक जीव बरणीत वाढलेत. दोन-तीन दिवस टिकतील, मग तेही मरतील. आणि मासे अंडीच घालत न्हाईत."

"का गो?"

"त्यांची सांजच होत न्हाय. ट्यूब मी बंद केली, कोण काय बोललं न्हाय. पण आईंचा दिवा हाय ना."

जीव गेला त्या जागी पिठावर ठेवलेला दिवा दहा दिवस तेवत ठेवायचा. मनुबाईंचा जीव टाकीसमोरच गेला, तेव्हा दिवाही काचेला लागूनच होता. आज सकाळी त्यात तेल नूतननेच घातलं होतं. तो जागचा हलवायचा नसतो, हेही सगळ्यांना तिनेच बजावलं होतं.

कल्पिताचा आवाज तसाच सपाट होता.

"वैनी, आज सांजेला दिवा तुम्ही उचला. माजघरात ठेवा, विझवू नका. मी हात लावला तर सुनेने हलवला म्हणतील. तुम्ही उचललात तर कोण बोलायचं न्हाय."