माझ्या म्हशीचं दूध

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. नवरा गेला तेव्हाही रडण्याआधी मी त्याला शिव्याच घातल्या. ट्रकवर असताना त्यानं एचआयव्ही आणला, मला दिला आणि आपण मोकळा झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. गावाला तो काविळीनं गेला एवढंच माहीत होतं. खरं ठाऊक होतं ते मला आणि सासूला. आमचं दोघींचं कधी पटलं नाही, पण तेवढी एक गोष्ट तिनं पोटात ठेवली.

जवळपास कुठं गेलं तरी ओळखीचं माणूस भेटणार, म्हणून गोळ्यांसाठी मी मुरगूडहून एसटीनं थेट कोल्हापूर गाठायचे. गोळ्या सरकार फुकट देतं. रक्त तपासून डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, विषाणू आता मोजण्याइतकाही दिसत नाही, गोळी तेवढी चुकवू नका. पण म्हैस व्याली आणि माझ्याशिवाय कुणाला कासेला हात लावू देईना. माझी गोळ्यांची तारीख हुकली.

गोळ्या न्यायला न आलेल्यांना शोधून परत आणायचं, असं सरकारचं धोरण आहे. धोरण चांगलंच आहे. पण शोधायला आलेला माणूस शहरातला. ऐन दूध घालायच्या वेळी तो डेरीवर उभा राहिला आणि त्यानं माझं घर विचारलं. आमच्याकडे परक्याला नुसता पत्ता मिळत नाही. "पावणं, कुठलं? काय काम काढलंसा?" असं करत त्याचं मूळ काढल्याशिवाय कुणी रस्ता दाखवत नाही. बिचाऱ्यानं रोगाचं नाव घेतलं नाही, कोल्हापूरच्या दवाखान्यातून आलोय एवढंच म्हणाला. पण पाठीवरच्या पिशवीवर एड्सच्या जाहिरातीतली लाल फीत छापलेली होती. पुढचं गावानं जुळवलं.

संध्याकाळी दीर आला आणि त्यानं माझ्या पाठीत काठी घातली. "माझ्या भावाला खाल्लीस, आता गावाला खातीस व्हय? घर सोड." मी चुलीतलं जळतं लाकूड उचललं तसा तो मागं सरला. रात्रभर पाठ ठणकत होती. सकाळी डेरीच्या सचिवानं किटली हातानं न शिवता पायानं सरकवली. "वैनी, तुमचं दूध नको." म्हैस हीच माझी कमाई होती. दूध बंद म्हणजे दिराच्या मनासारखं होणार, मी गाव सोडणार.

मी दवाखान्यात फोन केला. त्यांची माणसं आली, माझं नाव न घेता शाळेच्या पटांगणात कार्यक्रम झाला. दुधानं होत नाही, हात लावल्यानं होत नाही, घराबाहेर काढणं कायद्यात बसत नाही, सगळं सांगितलं. गावानं टाळ्या वाजवल्या. सचिवानं तर आभार मानले. दुसऱ्या दिवशी त्यानं मुकाट्यानं दूध घेतलं आणि मी खुळ्यासारखी खूश होऊन घरी आले.

एका सकाळी किटलीचं झाकण विसरलं म्हणून मी डेरीवर परत गेले. सचिव माझं दूध गटारात ओतत होता. वेगळ्या भांड्यात घ्यायचं आणि माझी पाठ वळली की ओतायचं, असं रोज चाललं होतं.

पुढचं मी विचार करून केलं नाही. हातातली रिकामी किटली त्याच्या खांद्यावर हाणली. तो कळवळला आणि त्यानं लोखंडी माप भिरकावलं. माझं कपाळ फुटलं. मला धरायला चारपाच बाप्ये पुढं आले होते, ते रक्त बघून तिथंच थबकले. मी एक पाऊल टाकलं की ते दोन पावलं मागं जात. टाळ्या वाजवणारी हीच माणसं. मी आणखी दोनदा किटली चालवली. कुणाचा तरी कोपर फुटला. मला त्या घटकेला सगळ्यांचा जीव घ्यावासा वाटत होता, खोटं कशाला सांगू.

गर्दीतून सासू आली आणि तिनं माझ्या मुस्काटात लगावली. "आवर की. पोलीस न्हेतील, म्हस कोण बघंल?" गाल चरचरला आणि मला हुंदका फुटला. गावाला कळल्यापासून मला कुणी हात लावला नव्हता. दिरानंही काठीच वापरली होती. सासूनं पदराचा बोळा करून माझ्या कपाळावर दाबून धरला आणि सचिवाला म्हणाली, "उद्या दूध घालाय मी येतोय. माझ्यादेखत मोठ्या कॅनात वतायचं."

दुसऱ्या दिवशी तिच्या नखांत माझं रक्त सुकलेलं होतं, तरी सचिवानं दूध घेतलं. खातं मात्र तिच्या नावावर केलं. माझं रक्त पुसणाऱ्या हातांचं दूध चालतं, माझ्या हातांचं चालत नाही.

धार अजून मीच काढते. त्याच दुधाचा चहा सचिव डेरीवर बसून पितो, आणि मी रस्त्यानं जाताना दिसले की तोंड फिरवतो.