पुढचं डावं चाक

पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा जावईबापूंनी तिच्यासोबत आपली गाडीही आमच्या दारात आणून ठेवली. त्यांची नोकरी तिकडं गोंदियाला. आम्ही अहमदपूरला, आणि दवाखाना नांदेडला. "मामी, ऐनवेळी कुणाच्या गाडीची वाट बघत बसायचं काम नको," असं मला म्हणाले. मग आमच्या यांच्याकडं वळून, जरा मोठ्यानं, "मामा, पुढचे टायर लई घासलेत. पावसाळ्याच्या आत बदलून घ्या." आणि बसनं परत गेले.

पोरीचा बीपी वाढत होता. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं होतं, की डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर गोळी देऊन वाट बघायची नाही, तसंच गाडीत घालून आणायचं. तेव्हापासून माझं ध्यान दोनच ठिकाणी. एक पोरीच्या तोंडाकडं, दुसरं दारातल्या गाडीकडं. सकाळी बुद्धवंदना करायला बसले तरी मन अंगणात जाऊन गाडीच्या चाकाला हात लावून यायचं.

आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. सगळी नोकरी स्टेअरिंगवर गेली. त्यामुळं गाडी कोण चालवणार हा सवालच नव्हता. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, "एखादा ड्रायव्हर बघून ठेवा की आतापासून." तर हे त्यांच्यावरच बिघडले. "कामून? मी काय मेलो का? यष्टीत किती बायांला बाळंतपणाला नेलं म्या, एकीला बी वाटेत होऊ दिलं न्हाई. आन माझ्या लेकीला परका मानूस नेईल व्हय?" काकू आपल्या घरी निघून गेल्या. खरं सांगते, मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

टायर यांनी लगेच बदलून आणले. पुढच्या चाकांवर दोन नवे चढवून ती चाकं मागं, मागची बरी होती ती पुढं, अशी चाकं फिरवून बसवली. चार-सहा दिवस बरे गेले. मग एके सकाळी गाडी सुरू केली तर स्टेअरिंगमागच्या मीटरच्या काचेत पिवळा दिवा. टायरसारखंच चित्र, मधे उद्गारचिन्ह. पोरगी म्हणाली, "बाबा, हवा कमी झाली की तो लागतो. चाकात सेन्सर असतेत. थांबा, कोणतं चाक ते बी दाखवते." तिनं एक बटन दाबलं. चार चाकांचं चित्र आलं आणि त्यात पुढचं डावं चाक लाल.

यांनी डिकीतली टॉमी काढली. टॉमी म्हणजे चाकाचे नट फिरवायचा लोखंडी दांडा. एसटीत ड्युटीवर निघताना प्रत्येक चाकावर तो हाणून बघायचा, ही यांची जन्माची सवय. भरलेलं चाक टणटण बोलतं, हवा गेलेलं थपथप बोलतं. स्टँडवर आपल्या गाडीची चाकं दुसऱ्या कुणाला वाजवू द्यायचे नाहीत, असा लौकिक होता. तर यांनी पुढच्या डाव्या चाकावर टॉमी हाणली. मान वाकडी करून ऐकलं. म्हणाले, "टणक हाय." बाकीच्या तिन्हींवर हाणली. "चारी टणक."

तरी पोरीच्या हट्टापायी पंपावर जाऊन तेवढं चाक मीटरनं तपासून आणलं. हवा बरोबर निघाली. घरी आले ते जिंकूनच. "बगा, म्या म्हनलं नव्हतं? दिवा खोटारडा हाय. टायर बदलल्यामुळं त्याचं डोकं फिरलंय."

"पण बाबा, त्याला रिसेट करावं लागतं म्हणे..."

"माय, यष्टीला दिवे नव्हते तवाबी चाकं फिरतच होती."

दिवा काही विझेना. गाडी सुरू केली की तो हजर. यांना त्याचा राग यायला लागला, अगदी माणसाचा यावा तसा. एक दिवस आत आले, माझ्या आरशावर चिकटवलेल्या टिकल्यांमधली एक मोठी मरून टिकली उपटली आणि त्या दिव्यावर काचेवर चिकटवून टाकली. वर जावईबापूंनी बसवलेली छोटी बुद्धमूर्ती, खाली माझी टिकली. पोरगी हसून हसून बेजार झाली. "आई, गाडीला बी सौभाग्यवती केलं बाबांनी!" पोट धरून हसत होती. तिचं हसणं बघून मीही हसले. पण त्या दिवसापासून टिकली लावताना आरशातली ती रिकामी जागा माझ्या डोळ्यात खुपायची. टिकलीच्या मागं दिवा लागलेलाच आहे हे मला ठाऊक होतं ना.

मग तपासणीची तारीख आली. आम्ही तिघं निघालो. मी पोरीसोबत मागं. अहमदपूर सुटलं, रस्ता मोकळा झाला, आणि मला जाणवलं की गाडी मागून जरा डोलून राहिली. म्हशीच्या पाठीवर बसल्यासारखं. पोरीनं पोटावर हात ठेवला. "बाबा, गाडी हलतेय का?"

हे काही बोलले नाहीत.

"बाबा!"

"हं? न्हाई, वारा हाय. आन हा रस्ता बी सिमेटाचा, आवाज करतो."

मी म्हणाले, "बघा की उतरून जरा."

"तुला काय कळतंय गाडीतलं?" झालं. हे वाक्य आलं की आमच्या घरी चर्चा संपते. लोहा येईपर्यंत मी पोरीचा हात सोडला नाही. तिच्या हाताला घाम, माझ्या हाताला घाम, कुणाचा कोणता ते कळेना.

दवाखान्यात बीपी पुन्हा चढलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता बॅग भरूनच ठेवा, कधीही यावं लागेल. पोरगी बाहेर आली ती थेट बापापुढं उभी राहिली. "बाबा, आधी टायर दाखवायचे. मग घरी. न्हाईतर मी इथंच बाकड्यावर बसते." ती बसलीही असती. हट्टात बापावरच गेली आहे.

नांदेडला यांच्या ओळखीचे एक चाचा आहेत, टायरवाले. त्यांचे वडीलही हेच काम करायचे. यांची नांदेडला मुक्कामाची ड्युटी असायची तेव्हापासूनची ही ओळख. दुकानापुढं गाडी लावली तशी चाचांनी लांबूनच आवाज दिला, "आओ ड्रायव्हरसाब! आज बस कुठं विसरून आले?" मला म्हणाले, "भाभी, बसा. बेटीला खुर्ची द्या रे कुनीतरी. चाय सांगतो." आणि मग मागच्या उजव्या चाकाकडं बघून त्यांचं हसू गेलं.

"ड्रायव्हरसाब, ये क्या? अहमदपूरहून असंच आनलं?"

चाक खाली बसलं होतं. शेजारच्या चाकाशी ताडून बघितलं की मलाही दिसत होतं, गाडीतलं काही न कळणारीला.

हे म्हणाले, "दिवा तर पुढचं डावं दाखवतोय."

चाचा खाली बसले. "बराबर दाखवतोय. जे चाक आधी पुढं डावीकडं व्हतं, ते आता इथं बसलंय. सेन्सर चाकासंगं इकडं आला. चाकांनी जागा बदलली, पन गाडीला कुनी सांगितलंच न्हाई. गाडी बिचारी जुन्याच पत्त्यावर ओरडून राहिली." मग यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमची काय चूक? मलाबी आधी ठाऊक नव्हतं. मोबाइलवर बगून शिकलो, आन ही मशीन घेतली."

चाक काढलं. नव्या टायरमध्ये खिळा शिरलेला. साबणाचं पाणी टाकलं तसे त्याच्याभोवती बारीक बुडबुडे यायला लागले. हे ते बुडबुडे बघत उभे. मी यांच्या तोंडाकडं बघत होते. पोरगी खुर्चीत बसून पोटावरून हात फिरवत होती. त्या डोलणाऱ्या रस्त्याचा हिशेब तिघांच्याही डोक्यात चालू होता.

पंक्चर निघालं. आता राहिलं गाडीला चाकांची नवी जागा शिकवायचं. चाचांनी यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, एक बटन दाबून धरायला लावलं आणि सांगितलं, "मी एकेका चाकापाशी मशीन धरतो. गाडीनं चाक ओळखलं की हॉर्न बारीक वाजंल. वाजला की आत आकडा आला का बगा आन मला हात दाखवा. मग मी फुडच्या चाकाला जातो. लवकर करायचं पन, उशीर झाला तर गाडी सगळं विसरते." पोरगी म्हणाली, ऊन लागतंय, मी आत बसते, आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. मी बाहेर.

चाचांनी पुढच्या डाव्या चाकापाशी मशीन धरलं. हॉर्न वाजला. पीं, एवढाच, चिमणीएवढा. पण रस्त्यापलीकडचा रसवाला वळून बघण्याइतका.

यांचा हात वर आला नाही.

"ड्रायव्हरसाब, हात?" चाचांनी आपला हात हलवून विचारलं.

"वाजल्यावर दाखवतो ना."

चाचा माझ्याकडं बघायला लागले. मी यांच्याकडं. तेवढ्यात वेळ गेला, गाडी विसरली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा पीं वाजलं. हे समोर बघत बसलेले, दोन्ही हात स्टेअरिंगवर, मान जराशी वाकडी. टॉमी हाणून ऐकताना असते ना, तशीच. आणि मला एकदम समजलं की ती मान घरीसुद्धा कितीतरी दिवसांपासून तशीच वाकडी असते. टीव्हीचा आवाज वाढत गेला होता. मी हाक मारली की हे ओ द्यायचे नाहीत आणि मी म्हणायची, ऐकून न ऐकल्यासारखं करता. समोरासमोर मोठ्यानं बोललेलं तेवढं यांना कळायचं. जुन्या एसटीचं इंजिन ड्रायव्हरच्या कानाशीच घुमायचं. सगळी नोकरी ते घुमणं कानाशी घेऊन काढली. त्यानं कान खाल्ले होते, आणि मानी माणसानं ते स्वतःलासुद्धा कळू दिलं नव्हतं. चारी टणक म्हणे. टणक काय आणि थपथप काय, यांना दोन्ही सारखंच.

"चाचा, मशीनच बिगडली वाटतं तुमची," हे आतून म्हणाले.

"हाव," चाचा म्हणाले. "कधी कधी करती तसं. फिरसे लेते."

तिसऱ्या वेळी हॉर्न वाजला तेव्हा पोरीनं मागून बापाच्या खांद्यावर हात ठेवला. फक्त ठेवला. हे दचकले, आकडा बघितला, हात वर केला. दुसरं चाक. पीं. पुन्हा खांद्यावर हात. तिसरं. चौथं. चाचांनी मशीन खाली ठेवलं, सगळं जमलं म्हणाले. पण हे हात वर धरून तसेच बसले होते. मागं वळून पोरीकडं बघितलं नाही. मग हात हळूच खाली आला, आणि नखानं माझी टिकली खरवडून काढली. दिवा विझला होता.

चाचांना जयभीम घातला, त्यांनी सलाम केला, आणि निघालो. मी यांच्या शेजारी पुढं बसले. कधी नव्हे ते. यांनी विचारलं नाही का म्हणून. लोह्याच्या पुढं मागून एक टँकर जोरात हॉर्न देत आला. मी यांच्या गुडघ्यावर हात मारला, "मागून मोठी गाडी येतेय, साइड द्या." यांनी दिली. असं घरापर्यंत. मी मागचं ऐकायची, हे पुढचं बघायचे. रस्ता संपतो की नाही असं झालं मला. पोरगी मागं डोळे मिटून पडली होती. झोपली नव्हती, तिच्या पापण्या हलत होत्या.

घरी आल्यावर गाडीची किल्ली खुंटीला अडकवली आणि हे अंगणात जाऊन बसले. मी चहा नेला. म्हणाले, "म्या तिला नीट नेलं असतं."

"हाव," म्हणाले मी.

"रस्ता पाठ हाय मला."

"हाव."

"हाव हाव काय लावलंस?"

मी चहाचा कप यांच्या हातात दिला. ऐनवेळी पोरगी मागं कण्हत असेल, मी तिला धरून बसलेली असेन, तेव्हा यांच्या गुडघ्यावर हात कोण मारणार? हे माझ्याच मनात होतं असं नाही. यांच्याही होतं. म्हणून तर चिडत होते.

सकाळी मी वंदना आटोपून उठले तर अंगणातून यांचा मोठा आवाज. फोनवर हे कायम ओरडूनच बोलतात, सगळ्या गल्लीला ऐकू जातं.

"जावईबापू! सुट्टी काढा आन या! आजच निघा! ... गाडी बरी हाय, गाडीला काय बी झालं न्हाई!" मग थोडं थांबून, तेवढ्याच मोठ्यानं, "मला हॉर्न ऐकू येत न्हाई!"

शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या. त्या पटकन आत गेल्या.

हे फोन कानाला दाबून धरून ऐकत होते. मान वाकडी. बराच वेळ ऐकलं. मग फोन माझ्यापुढं धरला. "काय म्हनून राहिले, ऐक बरं."

मी ऐकलं. जावईबापू सांगत होते की साहेबांना विचारतो, रात्रीची गाडी मिळाली तर उद्या, नाहीतर परवा. मी यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं म्हणाले, "येतेत. उद्या न्हाईतर परवा."

"परवा?" यांनी खुंटीवरच्या किल्लीकडं बघितलं, मग आत पोरगी झोपली होती त्या खोलीकडं. "आन त्याच्या आत लागलं तर?"

मी शेजारच्या काकूंच्या दाराकडं निघाले, ड्रायव्हरचं विचारायला. मागून यांनी अडवलं नाही.