नोलीनच्या रेकॉर्डचा खरा वेग

पोर्ट चामर्सच्या नोलीनने गॅरेजमध्ये एकटीने वाजवून केलेल्या संगीताच्या रेकॉर्डच्या वीसच प्रती निघाल्या. त्यांवर वाजवायचा वेग छापायचा राहिला, म्हणून पुढच्या दोन्ही आवृत्त्या लोकांनी संथच वाजवल्या. खरा वेग माहीत असूनही नोलीनने डूख धरून तो कुणाला सांगितला नाही. त्यानंतरच्या आवृत्तीला तिला सोडून गेलेला नवरा सेल्विन टपकला. 'यातली धीरगंभीर गुणगुण माझी,' असं त्याने कव्हरवर छापूनही घेतलं.

प्रकाशनाला रेकॉर्ड संथ वाजत असताना तो पुढच्या रांगेत डोळे मिटून डोलत होता. नोलीन उठली. "थांब हं सेल्विन, तुझा गळा नीट ऐकू दे सगळ्यांना," म्हणत तिने रेकॉर्डप्लेअरचा वेग वाढवला. गुणगुणीचे शब्द झाले. गॅरेजच्या दारातून खेकसणारा सेल्विन हॉलभर घुमला: "बंद कर ही भणभण! कुत्रंसुद्धा ऐकणार नाही तुझं!"

"खोटं नाही बोलला हो," नोलीन म्हणाली, "आवाज त्याचाच आहे."