दुरुस्तीची नोंद

गेल्या हिवाळ्यात, एका मंगळवारी सकाळी, माउंट वेलिंग्टन या उपनगरातल्या घरी तो हृदयविकाराच्या झटक्याने गेला. वय त्रेचाळीस. सोमवारी तो नेहमीप्रमाणे मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, चढवून ऑफिसला आला होता.

ईस्ट टामाकीच्या त्या ऑफिसात चार वर्षं माझं टेबल त्याच्या शेजारी होतं. तो ब्लॉकचेनचं सॉफ्टवेअर लिहायचा. मधाच्या बाटलीवरचा कोड स्कॅन केला की मध कुणाचा, तपासणीत पास झाला का, ते दिसायचं. एकदा चढलेली नोंद कुणालाच पुसता येत नसे, त्यालाही नाही.

गणपतीत एका काकूंनी विचारलं, "ब्लॉकचेन म्हणजे काय रे?"

"काकू, एक गोष्ट शंभर शेजारणींना एकदम सांगायची. मग मागे घेता येते का?"

"आमच्याकडे एकच शेजारीण पुरायची."

असा सहकारी तुम्हीही पाहिला असेल. 'झालं' म्हटलं की तो म्हणे, "दाखव." चहा झाला म्हटलं तरी.

चूक मात्र त्याच्याच हातून झाली. तपासणीचे अहवाल आपोआप चढत. एका शुक्रवारी ते अडकले, म्हणून त्याने हाताने भरले. दूर दक्षिणेला पामर्स्टन नॉर्थ शहराजवळ मधमाश्या पाळणाऱ्या एका बाईंच्या चांगल्या मधापुढे 'नापास' चढलं. परदेशातल्या गिऱ्हाइकाने माल थांबवला. बाईंचा तो सबंध हंगामाचा मध होता.

मॅनेजरही आमच्यासारखा पुण्याचाच. म्हणाला, "त्या मालाला नवीन नंबर देऊन टाक. जुनी नोंद कोण बघतंय?"

"बाईंच्या नावापुढे 'नापास' राहील. खाली दुरुस्ती जोडतो, माझ्या नावाने."

"कंपनीच्या नावाने जोड की."

"टाईप कंपनीने नव्हतं केलं."

त्याने लिहिलं: वरची नोंद चुकीची. मध पास. चूक भरणाऱ्याची. खाली स्वतःचं पूर्ण नाव.

शनिवारी तो सहा-सात तास गाडी चालवत बाईंकडे गेला. मी सोबत होतो.

"फोन चालला असता," बाई म्हणाल्या.

"फोनवर शिव्या नीट देता येत नाहीत."

बाईंनी दिल्या. मग चहा दिला. पुढच्या आठवड्यात मध जहाजावर चढला.

तो गेल्यानंतर कंपनीने ग्राहकांना फक्त शेवटचा निकाल दाखवायचं ठरवलं. आधीच्या ओळी लपवू का, असं बाईंना ईमेलने विचारलं. एका ओळीचं उत्तर आलं: दोन्ही राहू द्या.

काल मी बाईंच्या त्या मधाच्या बाटलीवरचा कोड स्कॅन केला. दोन्ही ओळी दिसतात. दुसरीखाली त्याचं पूर्ण नाव आहे.