इनासची एकच अट

माणिकपूरचा इनास तुस्कानो स्वतःच्या डोक्याने मोटारसायकली घडवायचा. पाचूबंदरच्या बोटींचे टाकाऊ पाइप वाकवून सायलेन्सर करायचा, पेट्रोलची टाकी तर नुसत्या हातोडीने साध्या पत्र्यातून उभी करायचा. गाडी देताना अट एकच: "पिऊन चालवलीस तर परत घेईन." गिऱ्हाइकं हसायची.

बिल्डरचा मुलगा हेरंबही गाडी घेताना हसला होता. दारू पिऊन सुसाट सुटला आणि मासळीवाल्या कार्मेलमावशीला त्याने टोपलीसकट चिरडलं. जामीन मिळताच पोलिसांकडून गाडी सोडवून, दोन दोस्त घेऊन तो इनासच्या गॅरेजात हजर! "अंकल, टाकीला पोचा आलाय, तेवढा काढून द्या."

पोच्याच्या कडेला मावशीच्या लुगड्याचा धागा अडकला होता.

इनासने हातोडी उचलली आणि टाकीवरच घातली. दोस्तांनी पान्याने त्याचा उजवा हात मोडला, तोंड फोडलं. त्याने हातोडी डाव्या हातात घेतली. टाकीचा जोड कुठे आहे, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? ती फाटली, पेट्रोल फरशीभर पसरलं. ठिणगी पडेल या भीतीने तिघेही बाहेर पळाले. इनास मारतच राहिला.

"माझी गाडी आहे ती!" हेरंब रस्त्यावरून किंचाळला.

"होती," रक्त थुंकत इनास म्हणाला आणि त्याने पुढचा घाव घातला. "परत घेतली."