जिनतनं दिलेली रिकामी वही

जिनतच्या दुकानाची पाटी अजून 'कादर वॉच रिपेअर' अशीच आहे. खाली बारीक अक्षरात 'मोबाइलही' असं तिनं नंतर रंगवून घेतलं. आता घड्याळं महिन्याला दोन-तीन येतात आणि मोबाइल ढीगभर. पण वडिलांच्या नावाखाली आपण बारीक अक्षरातच राहायचं, हा तिचा हट्ट.

मी विमलाबाई. चौथीपर्यंत शिकले, त्यात चौथी दोनदा. आमचे रंगनाथराव दारूगोळ्याच्या कारखान्यात लागले म्हणून वाशीमकडून खडकीत आले आणि इथंच बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावता लावता चाळीसच्या वर वर्षं गेली. जिनतची आई नूरबानू, तिलाही मीच तेल लावलं. जिनतचं डोकं जन्मतः जरा लांबट होतं. ते मी सव्वा महिना रोज हातानं गोल करत होते. त्यामुळं त्या डोक्यातून पुढं जे निघालं त्यात थोडा वाटा माझा, असं मी तिला ऐकवते.

ती म्हणते, "मावशी, थोडं जास्तच दाबलंत."

तिचे वडील कादरभाई घड्याळ कधीच ठेवून घ्यायचे नाहीत. गिऱ्हाइकाला समोर स्टुलावर बसवायचे, पांढरं फडकं पसरायचे आणि त्याच्या डोळ्यांदेखत घड्याळ उघडायचे. आतला एकेक बारीक स्क्रू फडक्यावर ओळीनं. घाई असलेल्याला म्हणायचे, घाई असेल तर वेळ बघायची कशाला, घड्याळ नीट नसलेलंच बरं. पुढं त्यांचे हात थरथरायला लागले. जिनत तेव्हा सतरा वर्षांची. तिनं स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला. लोक विचारायचे, वडील कुठायत? ती म्हणायची, "मागं बसलेत. हात थकलेत, डोळे नाही. करू का सुरू?"

मोबाइल आले तरी तिनं फडकं आणि स्टूल सोडलं नाही. फोन ठेवून जातो म्हणणाऱ्याला ती परत पाठवते. मी तिथं बसलेली असताना एक जण आला होता. बायकोचा फोन आहे, लॉक विसरली, उघडून दे म्हणाला. जिनतनं मान वरसुद्धा केली नाही. "विसरल्या ना? मग त्यांनाच घेऊन या. स्टूल आहे बसायला." तो परत आला नाही.

आता जे झालं ते सांगते.

सृष्टी नावाची एक सून फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये राहते. तिला विचारूनच तिचं नाव इथं लिहिते आहे. हे विचारणं मी जरा उशिराच शिकले. तिला आधी दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा राहिलं नाही. दोन्ही वेळा बातमी सगळ्या कॉलनीत झाली होती, आणि नंतर त्याच बायका सांत्वनाला आल्या. म्हणून तिसऱ्या वेळी तिनं कुणालाच सांगितलं नाही. माहेरी नाही, सासूला नाही. तिसऱ्या महिन्यात गुपचूप भरतात ती चोरओटीसुद्धा नको म्हणाली. फक्त नवऱ्याला, आणि कंबर धरायची म्हणून मला. तिसऱ्या महिन्यात मी पोटाला हात लावत नाही. नुसते तळपाय चोळून देते. मी तिच्या घरी जाते ते सासूच्या गुडघ्यांसाठी, असं आमचं ठरलं होतं. सासूचे गुडघे झाले की जाता जाता सुनेचे पाय.

ज्या घरी माझं काम चालू असतं तिथं माझी पितळी वाटी राहते, तेलाची. काम संपलं की वाटी परत. अशा माझ्या आठ-नऊ वाट्या खडकीत फिरत असतात.

एका बुधवारी सकाळी गेले, तर सासू दारातच उभी.

"या विमलाबाई. बसा. पाणी देऊ? बोलून बोलून घसा सुकला असेल."

मला काही कळेना. मग तिनंच सांगितलं. आदल्या दिवशी सृष्टी आंघोळीला गेली होती, तिचा फोन वाजला, सासूनं घेतला. पलीकडून एक मुलगी बोलत होती. 'सृष्टी तिसरा महिना मॅडम आहेत का? मॅडम, अभिनंदन. आईच्या ताकदीसाठी आमची पावडर आहे.' सासू म्हणाली, माझ्या घरातली गोष्ट मला पावडरवालीकडून कळली.

सासूचे डोळे भरले होते. तिचा राग मला लागला नाही, तिचे डोळे लागले. तेवढ्यात सृष्टी बाहेर आली. ओरडली नाही. म्हणाली, "आजी, आमच्या यांच्याशिवाय मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं." आणि माझी वाटी धुऊन, पुसून, माझ्या पिशवीत ठेवली.

चाळीस वर्षांत माझी वाटी अशी कुणी परत केली नव्हती. बायका अंगाला तेल लावून घेताना काय काय बोलतात, ते सगळं मी तेलाबरोबर जिरवलेलं. कुणाकडे बोलले नव्हते. तरी बातमी माझ्याकडूनच गेली असणार, कारण दुसरीकडे ती नव्हतीच. आपलं वय झालं, बोललो आणि विसरलो की काय, या विचारानं मी दोन दिवस जेवले नाही. ही वाटी एकदा बाहेर आली की बाकीच्या आठही येणार, हे मला दिसत होतं. आणि माझं वय काम नव्यानं शोधायचं नाही.

शुक्रवारी जिनतकडे गेले ती फोन दाखवायला नाही, रडायला. तिनं ऐकून घेतलं. मग फडकं पसरलं.

"फोन काढा मावशी."

"फोनला काय झालंय? चांगला चालतोय."

"तेच बघायचंय, कुणासाठी चालतोय."

फोन माझा नातू आमोद यानं दिलेला. त्याचा जुना. तो कंपनीत कामाला बंगळूरला गेला तेव्हा म्हणाला, आजी, मी याला रूट केलंय, कंपनीनं भरलेला कचरा काढलाय, आता हलका झालाय. मी बापडी हलका म्हणजे वजनाला समजले.

जिनतनं फोन माझ्या हातातच ठेवला आणि कुठं दाबायचं ते बोटानं दाखवत गेली. म्हणाली, "रूट म्हणजे फोनच्या आतल्या खोलीचीही किल्ली तुमच्याकडे. एरवी ती कंपनी देत नाही. वाईट काही नाही त्यात. पण बाहेरच्या ॲपनं मागितली तर पाटी येते, देऊ का म्हणून. अशी पाटी आली होती कधी?"

"येते की. मी हो म्हणते."

"प्रत्येक वेळी?"

"अगं, इतकं नम्रपणे विचारतोय, नाही कसं म्हणायचं? दारात आलेल्याला आपण पाणी तरी विचारतोच ना."

जिनतनं कपाळावर हात मारला. "पाणी विचारायचं मावशी. देवघराची किल्ली नाही."

मग पंचांगाचं ॲप सापडलं. कुठल्याशा ग्रुपवर कुणीतरी पाठवलं होतं. पाचवी कधी, बारशाला दिवस कुठला, हे बायका मला विचारतात म्हणून घेतलं. पंचांगाला माझे नंबर दिसत होते, मी कुठं आहे ते दिसत होतं, माइक उघडा होता आणि आतल्या खोलीची किल्लीही त्याच्याकडे होती. जिनतनं एक यादी उघडायला लावली. कुणी कधी काय पाहिलं, त्याची. पंचांगानं माझे नंबर पाहिले होते मंगळवारी सहा-दहाला. परत नऊ-चाळीसला. परत दुपारी. सहा-दहाला मी पाणी तापवत होते. मी पाणी तापवतेय आणि हा माझी नावं वाचतोय.

"पण नावं वाचून त्याला महिना कसा कळला?" मी विचारलं.

जिनत म्हणाली, "सृष्टीचं नाव उघडा."

उघडलं. मोठ्या अक्षरात होतं, 'सृष्टी तिसरा महिना'.

मला लिहायचं ध्यान नाही, वही सांभाळता येत नाही. म्हणून कुणाला कितवा महिना आणि कुणाला कितवा दिवस, ते मी नावापुढंच घालते. महिना बदलला की नाव बदलते. फोन वाजला की बघून लगेच कळतं, हिला कुठं दुखत असेल. मला वाटायचं काय युक्ती काढलीय मी! पावडरवाली बिचारी, तिनं समोर होतं ते वाचलं.

जिनतनं मला बरं वाटावं म्हणून काही सांगितलं नाही. म्हणाली, "त्या मुलीकडे नाव याच ॲपवरून गेलं असं मी शपथेवर सांगणार नाही. पण हे वाचत होतं, एवढं खरं. चोरी त्याची आहे मावशी. पण वही उघडी तुम्ही ठेवली होती."

माझ्यावर त्या दिवशी कुणी उपकार केला असेल तर या वाक्यानं. दोन दिवस मी, आपण बोललो आणि विसरलो की काय, याच्यात बुडत होते. आता निदान माझी चूक कोणती ते मला कळलं. आणि कळलेल्या चुकीचं काहीतरी करता येतं.

आधी तिनं त्या पंचांगाकडून किल्ली काढून घ्यायला लावली, मग ते ॲपच काढलं. मग यापुढं कुणीही किल्ली मागितली तर न विचारताच 'नाही' जाईल असं करून ठेवलं. माझ्या भिडेचा भरवसा नाही म्हणाली. टॉर्चला नंबर कशाला, भजनाच्या ॲपला माझा पत्ता कशाला, एकेक करत सगळं माझ्याच बोटानं बंद करवलं. काही ॲपं अशी, की नंबर दिसले नाहीत तर चालूच होत नाहीत. त्यांच्यासाठी तिनं वेगळी सोय केली.

"यांना रिकामी वही दाखवायची," ती म्हणाली. "मागितली की मिळते. उघडली की आत काही नाही. ती बसतात खूष होऊन. हे रूट असल्यामुळंच जमतं, म्हणून आमोदला फार बोलू नका. फक्त बँकेचं काही या फोनवर ठेवायचं नाही."

आमोदला तिनं स्वतः फोन लावला. "आजीला किल्ली दिलीस बाबा, दार कुठलं ते सांगायचं राहिलं." तो तिकडून सॉरी सॉरी करत होता.

"जे गेलं ते परत येतं का?" मी विचारलं.

"नाही. म्हणून बाकीच्या बायकांनाही तुम्ही जाऊन सांगायचं. फोन यायच्या आधी. सृष्टीकडे मी येते."

शुक्रवार तिचा गर्दीचा असतो. तिनं शटर अर्धं ओढलं आणि माझ्याबरोबर चालत क्वार्टर्सपर्यंत आली.

दार सासूनं उघडलं. जिनतला बघून म्हणाली, "वकील आणलात?"

"वकील नाही, मेकॅनिक," जिनत म्हणाली. "पाच मिनिटं द्या. पटलं नाही तर पाणीही नको."

सृष्टी आली. जिनतनं पिशवीतून फडकं काढून टीपॉयवर पसरलं, त्यावर माझा फोन ठेवला, आणि मला म्हणाली, बोला. मी बोलले. फोनचं थोडंच बोलले. म्हटलं, "पोरी, तोंडानं मी कुणाला सांगितलं नाही. पण लिहून ठेवलं, आणि तुला न विचारता लिहिलं. ते लिहिलेलं बाहेर गेलं. चूक माझी आहे." मग सासूकडे वळले. "आणि तुम्हाला हे असं कळलं, त्याचीही."

सृष्टीनं फोनकडे हात नेला. जिनत पटकन म्हणाली, "नाही ताई. त्यात बाकीच्यांचीही नावं आहेत. मावशीच करतील."

सृष्टीनं हात मागं घेतला. मला वाटतं, तिचा राग तिथं थोडा उतरला. आपल्यासारख्या आणखी आठ जणी त्यात आहेत आणि त्यांचं आपण बघायचं नाही, हे तिला कळलं असावं. मी चष्मा चढवला आणि एकेक अक्षर पुसत गेले. आधी महिना गेला, मग तिसरा. घाईत 'ष्टी'ही गेलं. ते परत आणायला मला इतका वेळ लागला की सासू म्हणाली, "विमलाबाई, नऊ महिने इथंच पूर्ण करता का?"

सृष्टीला हसू आलं. मग ती रडली. सासूनं तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर मी बोलले असते का कुणाला?" सृष्टी म्हणाली, "मागच्या वेळी बोलला होतात आई." सासू उठून चहा ठेवायला गेली.

निघताना सृष्टीनं विचारलं, "आजी, वाटी आणलीय का?"

आणली होती. पिशवीतच होती. मी ती बाहेर काढलीच नव्हती.

बाकीच्या आठ जणींना पुढच्या आठवड्यात मी घरोघर जाऊन सांगितलं. सहा जणी चालतंय म्हणाल्या. एक चिडली आणि महिन्यानं परत बोलावलं. एकीनं कायमचं बंद केलं. तिचं बरोबर आहे, मी तिला दोष देत नाही. महिने आता मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर काजळाच्या ठिपक्यांनी मोजते. नाव नाही. कुठला ठिपका कुणाचा हे मलाही कधीकधी आठवत नाही, मग विचारते. विचारलं की बायकांना आवडतं, असं दिसतं.

जिनतचं मात्र काय करायचं हा प्रश्नच होता. ती काही घेईना. दिवसभर खाली मान घालून तिची मान मात्र लाकूड झालेली. म्हणून मंगळवारी दुपारी मी दुकानात जाते, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर तिला बसवते आणि मागं उभी राहून मान चोळते. तेच डोकं, आता पांढरे केस आले.

परवाही तेच चाललं होतं. सृष्टीचे दिवस भरले होते. माझा फोन वाजला, फडक्यावरच होता. नुसतं 'सृष्टी' आलं. जिनतनं सवयीनं तोंड दुसरीकडे फिरवलं. मी फोन घेतला, ऐकलं, "बरं" म्हटलं, आणि परत तिच्या मानेला लागले. सृष्टीनं सांगितलं होतं, अजून कुणाला सांगू नका आजी, संध्याकाळी आम्हीच सगळ्यांना कळवतो.

थोड्या वेळानं जिनत म्हणाली, "मावशी, आज हात फार जोरात चाललाय."

"तेल नवीन आहे," मी म्हटलं.