बारा मिनिटांची वाफ

कारखान्याच्या बॉयलरवर सत्तावीस वर्षं काढून गेनू निवृत्त झाला आणि पुतळाबाईच्या डोक्याला ताप झाला.

चाकणजवळ कुरुळीच्या रस्त्याला, एका कंपनीच्या गेटसमोर तिचा उकडलेल्या अंड्यांचा गाडा. अकरा वर्षं तिनं तो एकटीनं चालवलेला. पातेल्यात पाणी, पाण्यात अंडी, एवढं साधं काम. नवऱ्यानं पहिल्याच आठवड्यात त्यात नाक खुपसलं. "पान्यात कशाला बुडवतीस? वाफ दे!" तळाला दोन बोटं पाणी, वर भोकाची जाळी, पाण्याला उकळी फुटली की मगच जाळीवर अंडी, वर झाकण आणि बरोबर बारा मिनिटं. मध्ये झाकण उचललं की हा माणूस अंगावर ओरडायचा. स्वतःच्या गाड्यावर स्वतःचंच झाकण उचलायची चोरी!

"अवं, अंडी हायेत ती. तुमची कंपनी न्हाई," ती करवादायची.

"व्हय, पन वाफ तीच हाय."

महिनाभर तिनं ऐकून घेतलं. मग एका सकाळी बजावलं, "आज मी माज्या पद्धतीनं करनार. गिऱ्हाइकानं नाव न्हाई ठेवलं, तर उद्यापासनं तुमी घरी बसायचं."

गेनूचा चेहरा उतरला. घरात टीव्हीसमोर बसला की तो एकदम म्हातारा दिसायचा, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तर तिला आणखीच राग आला.

अंडी सकाळीच पोल्ट्रीतून आलेली, अगदी ताजी. ती पाण्यात उकडली. दहा मिनिटांच्या सुट्टीत कामगार आले आणि सोलायला लागले, तर टरफल सुटेना. सुटलं की निम्मं पांढरं घेऊनच सुटे. संघर्ष नावाचं एक रोजचं गिऱ्हाईक होतं, त्याच्या हातात शेवटी नुसता बलक उरला.

"मावशी, हे काय राव? काल तर टरफल दोन तुकड्यांत निघालं होतं. आज सोलण्यातच सुट्टी संपली!"

ती ओशाळली. ताजं अंडं पाण्यात उकडलं की टरफल चिकटायचंच; पण महिनाभर वाफेची अंडी खाल्लेल्या गिऱ्हाइकांना आता ते चालेना. गेनू विजेच्या खांबापाशी पाठमोरा उभा होता. तो हसला असता तर तिला मनसोक्त भांडता तरी आलं असतं. तेवढंही सुख या माणसानं दिलं नाही.

दुसरी शिफ्ट यायला अर्धा तास होता. तिनं पातेलं रस्त्याकडेला रिकामं केलं, दोन बोटं पाणी घातलं, जाळी आदळली आणि वर अंडी रचायला घेतली.

"उकळी फुटू दे आधी," खांबाकडून आवाज आला.

"मग तिकडनं काय सांगताय? या की हितं!"

तो आला, पण हात मागेच बांधून. "गाडा तुजा हाय," म्हणाला.

"माजाच हाय. म्हनून तर सांगते, उद्या सकाळी सातला कामावर यायचं. उशीर चालनार न्हाई."